पाण्याचं पॉलिश बिघडतं तेव्हा

(रौप्यमहोत्सवी वर्षातील मासिक कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण. शेवटच्या प्रश्नोत्तरांपैकी काही येथे घेतली आहेत.)



या महिन्याचं भाषण माझ्याकडे आलं तेव्हा सांस्कृतिक समितीची अपेक्षा होती की मी मुदत ठेवी आणि नॉमिनेशन यावर बोलावं. बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार! पण सध्या आपल्या तिन्ही विंगमध्ये, जिन्यात, लिफ्टमध्ये, खाली बाकावर एकच विषय आहे, तो म्हणजे दरवाजे. पंचवीस वर्षं झाली म्हणून सगळ्यांच्या मुख्य दारांना नव्याने पॉलिश करायचं ठरलं. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं, वासाचा त्रास नको म्हणून पाण्याचं पॉलिश घ्यायचं ठरलं. छत्तीसपैकी बावीस दारं झाली आणि त्यातली सात बिघडली. त्या सात दारांचे पैसे कमिटीने थांबवले आहेत. एका दाराचे ३,२०० म्हणजे एकूण २२,४०० रुपये. तुमच्या-माझ्या दृष्टीने ही एका दिवाळीची खरेदी असेल, पण रोज काम केलं तर रोज चूल पेटणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने नाही. रविवारच्या सभेत याचा निर्णय व्हायचा आहे. म्हणून म्हटलं, मुदत ठेवी कुठे पळून जात नाहीत, आज दारांवरच बोलू.

निवृत्तीनंतर मी लाकूडकामाचा छंद लावून घेतला हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या बाल्कनीतून येणारा काचपेपरचा आवाज खालच्या मजल्याने अकरा वर्षं सहन केला, त्यांचे इथे जाहीर आभार. पाट, चौरंग, देव्हारे, नातवाचं टेबल, असं बरंच काही झालं. गेली सहासात वर्षं मी बहुतेक पाण्याचंच पॉलिश वापरतो.

बँकेत चेक परत करायचा तर त्याला कारणाचा मेमो लावावा लागतो. शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, तारीख उलटून गेली. 'चेक बघून बरं वाटलं नाही' असं कारण चालत नाही. दाराचंही तसंच आहे. 'काम खराब आहे' हे कारण नव्हे. खळगा का पडला, दुधी डाग का आला, याची कारणं वेगवेगळी आहेत, उपाय वेगळे आहेत आणि जबाबदार माणसंही वेगळी आहेत. म्हणून मागच्या आठवड्यात मी बॅटरी घेऊन ती सातही दारं बघून आलो. एक युक्ती सांगून ठेवतो. दाराचा दोष समोरून दिसत नाही. बॅटरी दाराला जवळजवळ चिकटवून तिरपा उजेड टाकायचा, मग सगळं उघडं पडतं.

आता आधी हे पॉलिश म्हणजे काय ते थोडक्यात. जुनं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा. स्पिरिट उडून गेलं की चपडा मागे राहतो. पाण्याच्या पॉलिशमध्ये राळ पाण्यात विरघळलेली नसते. तिचे अतिशय बारीक कण पाण्यात तरंगत असतात, दुधात स्निग्धांश असतो तसे. म्हणून डब्यात ते पांढरं दिसतं. पाणी उडालं की कण एकमेकांजवळ येतात, चिकटतात आणि एकजीव होऊन पारदर्शक पापुद्रा तयार होतो. कण एकजीव व्हायला मदत म्हणून त्यात थोडं सावकाश उडणारं द्रावक घातलेलं असतं. म्हणजे वास अगदीच नसतो असं नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्याच. पण मेलामाइनसारखा डोळ्यांना झोंबत नाही आणि थिनरसारखं पेट घेण्याचं भय नाही. राहत्या घरात मी तरी दुसरं काही सुचवणार नाही. फक्त लक्षात ठेवा, पाणी वेळेवर आणि नीट उडालं पाहिजे, आणि खालचा पृष्ठभाग पाण्याला आपलंसं करणारा पाहिजे. बिघाड बहुतेक या दोन ठिकाणीच होतो.

सातपैकी तीन दारांवर खळगे आहेत. बाजरीच्या दाण्याएवढे गोल, मध्ये लाकूड उघडं आणि भोवती पॉलिशची कड उचललेली. धंद्यात याला फिश आय म्हणतात. अळवावरचं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलंय. पान भिजत नाही, थेंब गोळा होतो. दारावर तेलाचा, मेणाचा किंवा सिलिकॉनचा सूक्ष्म अंश असेल तर तेवढी जागा अळवाच्या पानासारखी वागते. पॉलिश तिथून मागे सरतं आणि खळगा पडतो. या तिन्ही घरांत मी चौकशी केली. तिन्ही घरांत फर्निचर चमकवायचा स्प्रे दर सणाला दारावर मारला जात होता. अशा बऱ्याच स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं. एका दारावर तर खळगे फक्त बिजागऱ्यांच्या आसपास आहेत. बिजागरी करकरते म्हणून तिथे वंगणाचा फवारा मारलेला.

तेव्हा यात कारागिराचा ब्रश निर्दोष आहे. तरी माझं मत विचाराल तर थोडी जबाबदारी त्याच्याकडेही जाते, कारण काम सुरू करण्यापूर्वी एक साधी परीक्षा करता आली असती. स्वच्छ पाण्याचा हात दारावर फिरवायचा. पाणी सारखं पसरलं तर ठीक. थेंब थेंब होऊन गोळा झालं तर खाली काहीतरी स्निग्ध आहे. अर्ध्या मिनिटाचं काम. पण स्प्रेची माहिती घरमालकाने दिली नाही, हेही तितकंच खरं.

खळग्यांवर लोक पटकन दुसरा हात मारतात. त्याने काही होत नाही, त्याच जागी खळगा पुन्हा उघडतो. पहिला हात ओला असतानाच दिसलं तर ओल्या फडक्याने सगळं पुसून काढणं उत्तम. वाळल्यावर लक्षात आलं, तर आधी भांड्यांच्या साबणाच्या पातळ पाण्याने धुवायचं, स्वच्छ पाण्याने पुसायचं, वाळवायचं, मग मिनरल टर्पेंटाइनने पांढऱ्या फडक्याने पुसायचं. फडक्याची बाजू सतत बदलायची, नाहीतर इथलं तेल तिथे जातं. हे सगळं झाल्यावरच काचपेपर. क्रम उलटा केला, म्हणजे आधी घासलं, तर सिलिकॉन लाकडात आणखी रुतवतो. त्यानंतर मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात द्यायचा. तो मधल्या भिंतीसारखं काम करतो. त्यावर पाण्याचं पॉलिश बसतं.

मेण काढलेला चपडा असं मी मुद्दाम म्हटलं. लाखेत मुळातच थोडं मेण असतं, शेकडा चार-पाच टक्क्यांच्या आसपास. साध्या चपड्यात ते तसंच राहतं आणि त्यावर पाण्याचं पॉलिश नीट धरत नाही. इथून आपण चौथ्या दाराकडे येतो. ए विंगच्या पहिल्या मजल्यावरचं ते दार मूळचं सागवानी आहे, मालकांनी ते गावच्या घरातून आणून बसवलेलं. त्याच्यावर वर्षानुवर्षं फ्रेंच पॉलिशचे थर आहेत. नवीन पॉलिश त्याच्यावर थेट चढवलं आणि तीन आठवड्यांत कडीजवळ नखाने पापुद्रा सुटायला लागला. उन्हात भाजलेल्या पाठीची कातडी निघते तसा.

जुनं पॉलिश कुठलं आहे ते ओळखणं अवघड नाही. दाराच्या मागच्या कोपऱ्यात कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून अर्धा मिनिट धरायचा. चिकट झालं आणि बोळ्याला तपकिरी रंग आला तर चपडा. स्पिरिटने काही झालं नाही पण लॅकर थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हीने काही झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयूसारखं काहीतरी, ते ३२० नंबरच्या पेपरने चांगलं खरवडून घेतल्याशिवाय त्याच्यावर काही धरत नाही. मग लपलेल्या जागी नमुन्याचा एक हात द्यायचा. दोनतीन दिवसांनी ब्लेडने चौकटीचौकटीच्या बारीक रेघा मारून त्यावर चिकटपट्टी दाबून झटकन ओढायची. पट्टीबरोबर चौकोन निघून आले तर सगळं दार फुकट जाणार हे आधीच कळतं. पेशाने पॉलिश करणाऱ्याने ही परीक्षा करायला हवी होती. हे दार त्याच्या खात्यावर नावे टाकायला हवं, तिथे मी त्याची बाजू घेणार नाही. उपायही स्वस्त नाही. सुटलेला भाग खरवडून तेवढ्यापुरता हात मारला तर सहा महिन्यांनी शेजारचा भाग सुटेल. सगळं काढून नव्याने करणं हाच मार्ग.

पाचवं आणि सहावं दार बी विंगच्या तळमजल्यावरचं, पाण्याच्या टाकीजवळचं. त्यांच्यावर दुधी ढग आहेत. मघाशी सांगितलं तसं पाणी उडालं की पॉलिश पारदर्शक होतं. न उडालेलं पाणी आत अडकलं की पांढरटपणा राहतो. आपल्याकडे कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत पाणी जाणार कुठे? हवा आधीच भिजलेली. त्यात ही दोन्ही दारं एका दुपारी तीन हात देऊन संपवलेली आहेत. वरचा थर खालच्यावर झाकणासारखा बसला.

आणि ती एका दुपारी का संपवली? मी कारागिराला विचारलं. स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला तळमजला तयार दिसला पाहिजे, असं त्याला सांगण्यात आलं होतं. कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. (हशा.) पण या दोन दारांचे पैसे त्याच्याकडून कापणं मला न्याय्य वाटत नाही.

सुदैवाने दुधी डागावर पहिला उपाय म्हणजे काहीच न करणं. दार उघडं ठेवा, हवा खेळू द्या, दोनचार कोरडे दिवस जाऊ द्या. बरेचदा ढग आपोआप विरतो. नाहीच गेला तर काचपेपरने घासून बघायचं. पांढरी भुकटी पडली तर थर वाळलाय. पेपरला चिकटून गोळ्या झाल्या तर अजून कच्चा आहे, हात लावू नका. ही भुकटीची परीक्षा सगळ्याच दोषांना लागू आहे, घरी स्टूलला पॉलिश करताना देखील. वाळलेला असूनही ढग राहिला तर तेवढे थर घासून काढून पुन्हा पातळ हात द्यावे लागतात. घासताना सांभाळून, कारण आपली बाकीची दारं भरीव सागवान नाहीत, फ्लश डोअरवर सागाचा विनियर आहे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड. मशीन लावून जोर केला की खालचं पांढरं लाकूड वर येतं, आणि मग त्याला औषध नाही.

सातवं दार खरखरीत आहे, एवढंच. हात फिरवला तर न केलेल्या दाढीसारखं लागतं. पाणी लागलं की लाकडाचे बारीक तंतू फुगून उभे राहतात, तो पाण्याचा गुणधर्मच आहे. ओल्या फडक्याने लाकूड आधीच पुसायचं, तंतू उभे राहू द्यायचे, पूर्ण वाळलं की ३२० च्या पेपरने रेषांच्या दिशेने हलके घासायचं. मग पॉलिश. हे राहून गेलं असेल तरी पहिल्या हातानंतर घासलं की भागतं. या दारावर ते दोन्ही झालं नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, कारागीर करून द्यायला तयार आहे.

म्हणजे माझ्या हिशेबाने सातपैकी दोन दारं त्याची, दोन आपल्या घाईची आणि तीन समाईक. रविवारी तुम्हाला वेगळं वाटलं तर तसं ठरवा, पण कारण लिहून ठरवा.

आता उरलेल्या चौदा दारांसाठी काही गोष्टी भराभर सांगतो. बुडबुडे येतात ते डबा खळखळून हलवल्यामुळे. सरबत नाही ते, काठीने सावकाश ढवळायचं, जाळीच्या कापडातून गाळून वेगळ्या भांड्यात घ्यायचं आणि ब्रश भांड्याच्या काठावर खरडायचा नाही. ब्रश नायलॉनचा घ्या. डुकराच्या केसांचा ब्रश पाणी पिऊन मऊ पडतो आणि झाडूसारखा पसरतो. वापरण्यापूर्वी ब्रश पाण्यात बुडवून झटकायचा. ब्रशच्या रेघा उमटतात त्या उन्हाळ्यात, कारण पॉलिश ओढता ओढता वाळायला लागतं. त्यावर परत परत ब्रश फिरवला की रेघा पक्क्या. एकदा ओढलं की पुढे चालायचं, मागे बघायचं नाही. डब्यावर परवानगी असेल तेवढंच पाणी घालून थोडं पातळ केलं तर ते स्वतःहून सपाट होतं. ओघळ आला आणि ओला असतानाच दिसला तर ब्रशने पसरवा. अर्धवट वाळल्यावर बोट लावलंत तर ओरखडा पक्का. पुरता कडक झाल्यावर ब्लेडने तासून घासा. फवाऱ्याने करणाऱ्यांचा संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग हा वेगळा विषय आहे, आपल्याकडे सगळं ब्रशनेच चाललंय.

स्टील वूल मात्र कुणी वापरू देऊ नका. त्याचे न दिसणारे तुकडे रेषांत अडकतात, वरून पाण्याचं पॉलिश आलं की गंजतात आणि आठ दिवसांत दारावर तपकिरी ठिपके उगवतात. सागाला लोखंड आणि पाणी एकत्र मिळालं की काळे डागही पडतात. जुन्या चुका आणि खिळे असतील तर आधी काढा.

आणि धूळ. आपल्याकडे सकाळी साडेआठला जिना झाडला जातो आणि कारागीर नऊला काम सुरू करतो. म्हणजे बरोबर तरंगणारी धूळ दारावर बसायला मुहूर्त काढल्यासारखं. झाडणाऱ्या मावशींशी मी बोललोय. ज्या मजल्यावर काम असेल तिथे त्या आदल्या संध्याकाळी ओलं पुसून घेतील. पंखाही थेट ओल्या दारावर सोडू नका, वरची साय आधी धरते आणि बुडबुडे आत कोंडतात.

एवढंच. काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : नवीन पॉलिश फिकट दिसतं. जुन्या दाराला मधासारखा रंग होता. कारागिराने हलका माल वापरला का?

नाही. तो दोष नव्हे. पाण्याच्या पॉलिशचा थर जवळजवळ रंगहीन असतो. मधासारखा रंग चपड्याचा होता. तो हवा असेल तर खाली मेण काढलेल्या चपड्याचा हात द्यायला सांगा, रंगही येतो आणि पकडही.

प्रश्न : दार रात्री लावलं की चौकटीला चिकटतं आणि सकाळी उघडताना करकर आवाज येतो.

हाताला कोरडं लागलं म्हणजे पुरतं वाळलं असं नाही. तासाभरात हाताला कोरडं लागतं, दोन ते चार तासांनी दुसरा हात देता येतो, पण कडकपणा यायला दोनतीन आठवडे लागतात. पहिल्या काही रात्री दार आणि चौकट यांच्यात बटर पेपरची पट्टी ठेवा. वर्तमानपत्र नको, अक्षरं दारावर उमटतील.

प्रश्न : आमच्याकडे दम्याचा पेशंट आहे. काम चालू असताना त्यांना घरात ठेवावं का?

पॉलिशपेक्षा घासण्याची भुकटी त्यांना जास्त त्रास देईल. घासायच्या दिवशी त्यांना आतल्या खोलीत, दार बंद करून, किंवा शक्य असेल तर मुलीकडे पाठवा. आणि कुणी कारागीर दुसऱ्या बाटलीतलं हार्डनर मिसळणारं पॉलिश सुचवत असेल तर आधी मला किंवा सेक्रेटरीसाहेबांना सांगा. ते पाण्याचं असलं तरी त्याला मास्क आणि हातमोजे लागतात.

प्रश्न : समारंभाला अठरा दिवस राहिलेत. तोरण लावायचं का नाही?

आजपासून पाच दिवसांत ज्यांचं दार पूर्ण होईल त्यांनी खुशाल लावा, पण चिकटपट्टीने नाही, चौकटीच्या वरच्या खिळ्याला दोऱ्याने. स्वस्तिकाची स्टिकरं महिनाभर नकोत. ज्यांची दारं त्यानंतर होणार आहेत, त्यांची मी कमिटीला विनंती केली आहे की समारंभानंतरच घ्या. त्यात माझाही दरवाजा आहे.